हात न टेकता

पिंपळगाव राजा
८ डिसेंबर २०२४

उत्तम,

आधी हे पत्र कोणाचं ते सांगते, नाहीतर तू पाकीट उलटंपालटं करत बसशीन. मी गोजरबाई. तुझी बहीण. तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, तुले कडेवर वागवू वागवू जिची कंबर डाव्या अंगाले गेली ती मीच. आठवलं असलं तर पुढं वाच, नसलं तर छायाले विचार, बायकोले माणसाची सगळी माहिती राह्यते. भाऊबीजेले येतो म्हणला होता. ओवाळणीचं ताट मी आठ दिवस फळीवर तसंच ठेवलं. मंग त्यात लसूण सोलला.

फोन सोडून पत्र काऊन, असं तुले वाटीन. घरातला फोन कुलदीपच्या खिशात राह्यते. मी बोलाले लागली की माझा लेक आवाज मोठा करून फोन मधात ठेवते, अन् मंग मी, तू, सूनबाई अन् गोठ्यातली म्हैस असे सगळे मिळून ऐकतो. हे बोलणं त्याच्या कानावर जायचं नाही. म्हणून शेजारच्या आशाबाईची शिलाई मशीन थांबवून तिले लिहायले बसवलं. नात प्रतीक्षा अकोल्याले शिकून राह्यली, नाहीतर तिलेच धरलं असतं. हे पान आशाच्या मापाच्या वहीतलं आहे. वरती कोणाच्या पोलक्याचं माप असलं तर तिकडं पाहू नको.

छाया सांगत होती, तू रिटायर झाल्यापासून मनगटावर घड्याळ बांधलं. ते तुझे पावलं मोजते म्हणे, अन् तू लय वेळ बसला की गुरगुरते. चौतीस वर्षं रेल्वेनं तुले पटरीच्या कडंनं चालायचा पगार देल्ला. आता तेच चालणं करासाठी तू घड्याळ विकत आणलं. तुझ्यावाणी हुशार माणूस मलकापुरात दुसरा नसीन.

आता कामाचं. विहिरीजवळचा माझा अर्धा एकर तुले माहीत आहे. वांगे, मेथी, कोथमीर, मिरच्या. तुझे भाऊजी गेले तवापासून अठरा वर्षं तो तुकडा मी करते. बाकीच्या वावरात मी बोट घालत नाही, ते कुलदीपचं. गुरुवारी जेवता जेवता तो म्हणे, आई, पाडव्यापासून तुझा तुकडा दुसऱ्याले ठोक्यानं कसायले देतो, तू आता आराम कर. मी विचारलं, काऊन, मी मेली का. तर म्हणे तुझे गुडघे. मंग त्यानं मोबाईलातलं ज्ञान काढलं. जो माणूस हात न टेकता जमिनीवरून उठते तोच धडधाकट, बाकीचे फक्त दिसाले धडधाकट. मी म्हणलं, अन् मी उठून दाखवलं तर. तो म्हणे, दोन मार्चले वावरात रोडग्यांचं जेवण आहे, सगळ्या पंगतीसमोर उठून दाखव, तुकडा तुझा. नाही उठली तर पाडव्याले तो दुसऱ्याचा. मी रागारागात हाव म्हणून बसली.

उत्तम, त्या अर्ध्या एकरात मले कोणी आराम कर म्हणत नाही. वांग्याले पाणी पाह्यजे, बस. घरात बसवलं तर दोन महिन्यांत मी भिताडावरच्या फोटोवाणी होईन, हार घालाचाच बाकी.

माझे गुडघे एकदम ठीक आहेत. तरी तुझ्या शुगरच्या डॉक्टरले विचार, हात न टेकता उठायले काय करा लागते. माझ्यासाठी नाही, असंच. पत्रासोबत डब्यात वांगे आहेत. मलकापूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देल्ला, स्टँडवरून घेऊन जा. अन् डबा रिकामा परत पाठवत नसतात, एवढं तरी ध्यानात असीन.

मामा, मी आशाबाई. एवढं माझ्या मनाचं लिहिते. मावशी सोमवारी विहिरीच्या काठाशी घसरून पडल्या. उजवा गुडघा सुजला आहे. घरी सांगितलं नाही. मी हळद गरम करून लावून दिली. मी कळवलं हे त्यांना कळू देऊ नका.


मलकापूर
१७ डिसेंबर २०२४

ती. बाईस,
उत्तमचा सा. नमस्कार. पत्र व वांगी पावली. भाऊबीज मी विसरलो नव्हतो, त्या आठवड्यात येणे जमले नाही, इतकेच.

माझ्या प्रकृतीची काळजी नसावी. मी सध्या रोज बारा हजार पावले चालतो. काल बारा हजार चारशे झाली, घड्याळात नोंद आहे. आमचे डॉक्टर म्हणतात की निवृत्तीनंतर माणूस खुर्चीला चिकटला की संपला, म्हणून मी चिकटत नाही.

तुझा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या त्या जशाच्या तशा कळवतो. खुर्चीवर बसून, हात छातीशी धरून, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा उठायचे. दात घासताना एका पायावर उभे राहायचे, निम्मे दात एका पायावर, निम्मे दुसऱ्यावर. बसल्या बसल्या पाय सरळ लांब करून मनात दहा आकडे मोजायचे. आणि ताटात डाळ, अंडे, दही वाढवायचे, कारण म्हातारपणी मांडीचे मांस आधी जाते आणि गुडघ्याला उचलणारे तेच असते. दुखत असेल तेव्हा जोर करायचा नाही. मुकाट्याने करावे, वाद घालू नये.

आता एक सहज विचारतो. विहिरीच्या काठाशी हिवाळ्यात शेवाळ धरते. त्यावरून हल्ली कोणी पडले-बिडले तर नाही ना? समजा उजव्या गुडघ्यावर वगैरे? सहजच विचारतो.

डब्यात ओटचे पाकीट आहे, दुधात भिजवून खावे. छायाने मेथीचे बारा लाडू दिले आहेत. मेथी गुडघ्याला चांगली.

तुझा,
उत्तम

(वेगळी चिठ्ठी) आशाबाई, कळवलेत ते बरे केलेत. मी बाईला फार हुशारीने विचारले आहे, तिला शंका येणार नाही. सूज उतरली का ते पुढच्या पत्राखाली लिहावे.


पिंपळगाव राजा
२९ डिसेंबर २०२४

उत्तम,

मी अनपढ आहे, आंधळी नाही.

आशा तुझं पत्र वाचून राह्यली होती. शेवाळापाशी आली अन् तिचा आवाज बारीक झाला. पाकिटातून दुसरा कागद पडला तो तिनं पायाखाली धरला. मंग मले आठवलं, मागच्या खेपेले माझं बोलणं संपलं होतं तरी तिची पेन चालूच होती. मी विचारलं तर म्हणे पत्ता लिहून राह्यली. तुझा पत्ता पाकिटावर राह्यते का पत्राच्या पोटात? आशाले समोर बसवलं, पाणी देल्लं, अन् विचारलं. ती रडली. मी पण थोडी रडली, तिले बरं वाटावं म्हणून. आता नवा कायदा आहे. माझं बोलणं थांबलं की पेन मशीनच्या खणात. वाचताना बोट ओळीखाली ठेवून वाचाचं, बोट थांबलं की आवाज थांबला पाह्यजे. मी बोटाकडं पाहत बसते.

हाव, पडली. सोमवारी पडली, उठून आली, लुगडं धुतलं, वाळू घातलं, कोणाले समजलं नाही. तीन दिवसांनी कुलदीपच्या डोक्यात ते मोबाईलचं शिरलं. योगायोग. त्याले पडल्याचं समजलं असतं तर पाडव्यापर्यंत थांबलाच नसता, त्याच दिवशी कुलूप लावलं असतं. तू तोंड उघडशीन तर मी पण छायाले सांगीन, की अकराव्या वर्षी तुले बैलगाडीतून कोणं उतरवलं होतं अन् काऊन.

आता सूज उतरली. तुझ्या डॉक्टरचं करून राह्यली. घरात सगळ्यांच्या समोर खुर्चीवर उठबस केली तर सूनबाई विचारते, आत्या, काही पाह्यजे का. पाचव्या वेळेस तिनं चहाच आणला. म्हणून आता आशाच्या घरी करते. ती ब्लाउज शिवते अन् दहा मोजते, मशीन जोरात असली की दहाचे सात करते, लबाड. एका पायावर दात घासाले गेली तर पहिल्या दिवशी बंबाले धरून उभी राह्यली. माझे दात किती उरले ते तुले माहीत आहे, दुसऱ्या पायाची पाळीच येत नाही. म्हणून तोंड धुतेवेळी पण उभी राह्यते.

ओट शेळीले देल्ले. तिनं वास घेतला अन् माझ्याकडं पाह्यलं. तिचं काय चुकलं ते तिले समजलं नाही.

लाडू पावले. छायाचा निरोप आला होता, बारा भरले म्हणून. माझ्यापर्यंत नऊ आले. गाडीचा कंडक्टर मी पाह्यला, बारीक माणूस आहे, त्याच्या अंगावर तीन लाडू दिसले नाहीत. शुगर तुले आहे ना?

अन् एक कर. रोज बारा हजार पावलं चालतं तर चपला पार झिजल्या असतीन. डब्यासोबत पाठवून दे. इथल्या आठवडी बाजारात चांगला चांभार बसते, मी टाचा लावून देते. भाऊबीज तू चुकवली, ओवाळणी तरी माझ्याकडून होऊ दे.


मलकापूर
८ जानेवारी २०२५

ती. बाईस,
सा. नमस्कार. चूक झाली, आशाबाईंना बोलू नये, त्यांनी भल्यासाठी केले. लाडवांचे म्हणशील तर रस्त्यात हलून चुरा झाला असेल.

तू व्यायाम करतेस हे वाचून आनंद झाला. माझेही नियमित चालू आहे. या आठवड्यात सरासरी चौदा हजार पावले पडली. घड्याळाने पडद्यावर फटाके उडवून माझे अभिनंदन केले. सागर म्हणाला, बाबा, तुम्ही आमच्यापेक्षा पुढे गेलात. छाया नुसती हसली, तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

चपला पाठवत आहे. दिवाळीआधी घेतल्या आहेत. आठवण ठेवलीस, बरे वाटले.

उत्तम


पिंपळगाव राजा
१९ जानेवारी २०२५

उत्तम,

चपला मिळाल्या. मी त्या चांभाराकडं नेल्या नाहीत. नेल्या असत्या तर त्यानं मले विचारलं असतं, बाई, दुकानातून आणल्या का.

तू पटरीवर होता तवा तुझ्या जोड्याची उजवी टाच बाहेरून झिजायची. खडीवर तिरपं चालून चालून. सहा महिन्यांत जोडा एका अंगाले कलायचा, तू दारात काढला की पडून जायचा. आई म्हणायची, उत्तमचा जोडा पण थकून आला. ह्या चपलांची टाच कोरी आहे. अंगठ्याखाली खड्डा नाही. तळाले दुकानाचा कागद चिकटलेला आहे, त्याचा एक कोपरा पण निघाला नाही. मले अक्षर येत नाही, पण चप्पल वाचता येते. चौदा हजार पावलं कोण चाललं, ते सांग. हवेतून जातं का?

मी हसून हसून आशाच्या अंगावर पडली. मंग घरी आली अन् हसू गेलं. तुले शुगर आहे, उत्तम. मी इथं खरंखुरं दहा वेळा उठते अन् बसते, घामेघूम होते, अन् तू घड्याळाले फसवतं. घड्याळाचं काय जाते? त्याले पाय नाहीत.

खरं काय ते लिही. तवाच चपला परत मिळतीन.


मलकापूर
३० जानेवारी २०२५

बाई,

पाळणा.

सागरच्या पोरीचा पाळणा हलवायचं काम माझ्याकडे आहे. दुपारी दोन-तीन तास दोरी ओढत बसतो. पहिल्या दिवशी सहज घड्याळाकडे पाहिलं तर चार हजार पावलं. मी खुर्चीतून हललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी दोरी जरा लांब ओढली. असं होत गेलं. फटाके उडाले तेव्हा पोरगी पण दचकून जागी झाली. आता डॉक्टरची तपासणी झाली, शुगर वाढली आहे. ते म्हणाले, एवढं चालूनही कशी वाढली, गोळी बदलू. छाया पाळण्याकडे बघत होती.

आता तूच विचारशील, काऊन चालत नाही. तुला सांगतो, हसू नको. मी रोज पहाटे पाचला उठतो, अजून. कपडे करून दारापर्यंत जातो. पण मंग काय करू? पटरीवर माझी नजर रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्यांवर असायची. ही ढिली, हातोडा मार. ही निघाली, दुसरी बसव. इथे फट, इथे तडा. दहा-बारा किलोमीटर कधी झाले ते समजत नव्हतं, कारण मी चालत नव्हतोच, मी पाहत होतो. मी पाहिलं म्हणून मागून गाडी जायची. आता रस्त्यावर निघालो तर नजर कुठे ठेवू? गांधी चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं, तिथं काही ढिलं नाही, माझ्या हातात काही नाही. सकाळी ती रिटायर मंडळी हात हलवत जाताना दिसतात. मला बिनकामाचं चालायची लाज वाटते, बाई. लोक म्हणतील, हा उत्तमराव निघाला कुठे?

तीन लाडू मीच खाल्ले. स्टँडवर.

उत्तम


पिंपळगाव राजा
१६ फेब्रुवारी २०२५

उत्तम,

हसली नाही. आशाले विचार. दोनदा वाचून घेतलं.

चपला डब्यात घातल्या, वांग्यांच्या खाली. दोन मार्चले तू त्या घालून यायचं. गाडीनं फाट्यावर उतर, तिथून वावरापर्यंत पायी. रिकामं चालू नको. फाट्यापासून वावराच्या धुऱ्यापर्यंत पाण्याचा पाइप येते, कुठंतरी गळते, कुलदीपले सापडून नाही राह्यलं. पाहत ये.

आता माझं. खुर्चीवरून वीस वेळा होते. जमिनीवरून मांडी घालून उठाले लागली की अर्ध्यात येते, अन् उजवा हात आपोआप खाली जाते. जणू तो माझा नाहीच, कोणाचा तरी मेला मजूर आहे. दोन महिने झाले, आशा मोजते, मी उठते, हात जाते. तिनं काल दोरा घेऊन माझा हात कमरेले बांधला. मी धपकन मागं बसली. आम्ही दोघी तशाच बसून राह्यलो, तिले सोडवताच येईना, गाठ लय चांगली मारली होती.

आशा म्हणे, मी त्या दिवशी तुमच्या मागं उभी राहीन, पाठीले हळूच रेटा देईन, कोणाले दिसणार नाही. मी नाही म्हणलं. चोरून उठली तर तो तुकडा रोज मले विचारीन. नाही जमलं तर नाही. पाडव्याच्या आधी मी वांग्याचं बी तेवढं काढून ठेवलं आहे, उगीच.

पंगतीत माझ्या उजव्या अंगाले बसजो. नुसतं बसाले. दुसरं काही नाही.


मलकापूर
६ मार्च २०२५

बाई,

पोहोचलो. पाय दुखतात, पण हे दुखणे ओळखीचे आहे, जुन्या मित्रासारखे वाटले. फाट्यापासून वावरापर्यंत खरी सहा हजार पावले झाली. तो गळका जोड मला बाभळीजवळ सापडला, कुलदीपला तिथेच दाखवला. त्याने तोंड भरून मामा म्हटले.

आता मनात आहे ते लिहितो, आशाबाईंनी बोट ठेवून वाचावे.

गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तूप, वांग्याची भाजी. मी चार खाल्ले, ते डॉक्टरांना सांगणार नाही. पंगत उठली, आपण दोघेच बसून होतो. सगळे गोल करून उभे राहिले. कुलदीप म्हणाला, आई, आता. तू दोन्ही हात पदरात गुंडाळलेस. तुझ्या कपाळावर घाम होता. तू उठायला लागलीस, अर्ध्यात आलीस आणि थांबलीस. पदर सुटला. तुझा उजवा हात जमिनीकडे निघाला हे मी पाहिले. तेव्हा मी ओरडलो, बाई, माझा पाय धरला, उठव मला. माझा हात वर केला आणि तुझा खाली जाणारा हात त्यात आला. तू मला ओढलेस, मी तुला, आणि दोघे उभे. लोक हसले. बहात्तर वर्षांच्या बाईने एवढा गडी उपटला म्हणून टाळ्या वाजल्या. कुलदीप पत्रावळी गोळा करायला लागला. मग जाताना म्हणाला, वांग्याचं बी कोणतं टाकणार आई यंदा.

बाई, माझा पाय धरला नव्हता. ते सोंग होते. तुझा हात खाली जायला नको म्हणून केले. चार दिवस मला वाटत होते मोठे काम केले. पण तू लिहिले होतेस, चोरून उठली तर तुकडा रोज विचारील. तेच मी तुला न विचारता करून बसलो. कुलदीपला फोन करून खरे सांगू का? तू सांगशील तसे.

उत्तम


पिंपळगाव राजा
१६ मार्च २०२५

उत्तम,

तू फोन करू नको. तुझ्याआधी मीच सांगून आली.

त्या दिवशी मले पण टाळ्या गोड लागल्या. घरी आली, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलदीप विहिरीवर मोटर चालू कराले गेला, मी मागं गेली. म्हणलं, काल मी मामाच्या हातानं उठली, गुडघ्यानं नाही. तुकडा द्याचा त्याले देऊन टाक.

तो बटणाकडंच पाहत म्हणे, "माहीत आहे मले."

"काय माहीत आहे?"

"हात दिसला. अन् डिसेंबरात तू सोमवारी भरदुपारी लुगडं धुतलं ते पण दिसलं. दोरीवर मागच्या अंगाले शेवाळाचा हिरवा डाग होता, गेला नव्हता. तू लंगडत होती. तीन दिवस वाट पाह्यली, आता सांगीन, मंग सांगीन. तू वांग्याचे भाव सांगत राह्यली."

म्हणजे योगायोग नव्हताच तो. मी म्हणलं, मंग पडली म्हणून तुकडा काढून घेत होता ना.

तो म्हणे, "पडली म्हणून नाही, आई. सांगतलं नाही म्हणून. तू विहिरीत गेली असती तर मले दोरीवरच्या लुगड्यावरून समजलं असतं का?"

उत्तम, मी विहिरीत वाकून पाह्यलं, पाणी लय खाली होतं. मंग विचारलं, आता काय. तर म्हणे, आता तू सांगतलं ना. अन् नियम हात टेकायचा नाही असा होता, धरायचा नाही असं मी बोललोच नव्हतो. एवढं म्हणून मोटर चालू केली. त्या आवाजात मी नाक पुसलं.

तुकडा माझाच. अट एकच, विहिरीपाशी एकटीनं जायचं नाही. सोबत कोण, तर त्यानं तुझं नाव काढलं. अर्ध्या एकराले ठिबकच्या बारीक नळ्या टाकल्या आहेत, तिथं नऊशे जोड आहेत म्हणे. कुठं माती बसते, कुठं उंदीर कातरते, कुठं जोड ढिला होते. एक एक जोड पाहत जाणारा माणूस पाह्यजे, ज्याची नजर जमिनीवरून हटत नाही. कुलदीप म्हणे, मामाले घेऊ, त्यानं बाभळीजवळचा जोड एका नजरेत काढला. सोमवारी अन् गुरुवारी ये. फाट्यापासून पायी. लोकांनी विचारलं उत्तमराव कुठं निघाला, तर सांग, कामावर.

मी अजून उठबस करते. बंद केलं तर गुडघा परत रुसते. काल हात टेकला, पण एकच बोट टेकलं. आशा म्हणे बोट म्हणजे हात नाही. मी तिचं ऐकलं नाही, तरी बरं वाटलं.

राह्यलं तुझं सोंग. माझा उजवा खांदा तीन दिवस वर होत नव्हता. सोंग घेणाऱ्या माणसाचं एवढं वजन नसते, उत्तम. चार रोडगे पोटात, मांडी आखडलेली, डोळे पांढरे. तू अडकून बसला होता, खरोखरचा. तुझ्या तोंडून निघालं ते खरंच निघालं, शहाणपण घरी गेल्यावर सुचलं. छायाले सांगू नको, माझ्याकडं पण कबूल करू नको. पण खुर्चीवरची उठबस उद्यापासून तू पण कर, पोरगी झोपली की. घड्याळ पाळण्याच्या खुंटीले टांगून ठेव, ते पण चालू दे.

सोमवारी येशीन तवा ओट आणू नको, शेळी अजून मले माफ करून नाही राह्यली. छायाले सांग, उन्हाळा लागला तरी मेथीचे लाडू कर, गुडघ्याले ऋतू समजत नाही. गूळ कमी, मेथी जास्त, बारा भर. कंडक्टरजवळ देऊ नको, डबा तुझ्या हातानं आण. मी धुऱ्यावर बसून मोजून घेईन. बारा आले तर त्यातला अर्धा मी माझ्या हातानं तुले देईन, अन् अकरा आले तर तो अर्धा शेळीचा.